रस्त्यावरचा घोडा, शेडमधली कोंबडी

नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठावर सारंगखेडा आहे. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार. राजस्थानचे मारवाडी, सौराष्ट्राचे काठेवाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे असे घोडे उतरतात आणि सगळा जिल्हा त्यांच्याकडे बघायला लोटतो. गिऱ्हाईक घोड्याभोवती फिरून अंगावरचे केसांचे भोवरे शोधतं, त्यातला शुभ मानलेला देवमण गळ्याखाली आहे का पाहतं, चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असला तर पंचकल्याण म्हणून चार पैसे जास्त मोजतं. खूर उचलून तळवा पाहणारा त्या मानाने विरळा.

त्याच जिल्ह्यात, गुजरातच्या हद्दीला लागून नवापूर आहे. तिथे कोंबड्या आहेत, त्याही लाखांनी. पण त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत नाहीत. गावाबाहेर लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना जाळी, जाळीवर सोडलेले पडदे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातला पहिला एच५एन१ बर्ड फ्लू याच तालुक्यात सापडल्याचं जाहीर झालं आणि एका रात्रीत देशभरच्या कॅमेऱ्यांनी नवापूर गाठलं. पांढऱ्या पोशाखातले लोक, खणलेले खड्डे, पोत्यांत भरलेल्या कोंबड्या. महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी पोल्ट्री आतून कशी असते हे पहिल्यांदा पाहिलं ते असं, मरणाच्या दिवशी.

जनावर पाळणाऱ्यावर बाहेरच्यांची नजर असणं ही आता रोजची गोष्ट झाली आहे. पर्यटक मोबाईल काढतो, शेजारी ग्रामपंचायतीत अर्ज देतो, प्राणिमित्र संस्था पत्र पाठवते, न्यायालय विचारणा करतं. हे वाईट आहे असं मला वाटत नाही. अडचण वेगळी आहे. ही नजर जे सहज दिसतं त्यावरच थांबते. भूतदया बहुधा हमरस्त्याने चालते, त्यामुळे रस्त्यावरचा घोडा तिच्या वाट्याला आधी येतो आणि आडबाजूच्या शेडमधली कोंबडी फार उशिरा.

इतिहास याच क्रमाने घडला आहे. जनावरांच्या छळाविरुद्धचा ब्रिटनमधला पहिला महत्त्वाचा कायदा १८२२ चा, आणि तो घोडे व गुराढोरांसाठी. दोन वर्षांनी लंडनमध्ये जी प्राणिरक्षक संस्था निघाली तिचे निरीक्षक बाजारात आणि बग्गीच्या अड्ड्यांवर हिंडत. १८७७ मध्ये ॲना स्यूएलची ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी आली. घोड्याची मान कायम ताठ दिसावी म्हणून श्रीमंतांच्या बग्ग्यांना एक आखूड लगाम बांधत. त्याने घोड्याला मान खाली घालून चढावर गाडी ओढता येत नसे आणि श्वासही कोंडे. हे त्या पुस्तकाने लाखो वाचकांना दाखवून दिलं. कोंबडीला मात्र असा वाचक मिळायला १९६४ उजाडावं लागलं. त्या वर्षी रूथ हॅरिसन यांचं ‘ॲनिमल मशीन्स’ प्रसिद्ध झालं, ब्रिटिश सरकारला समिती नेमावी लागली, आणि १९६५ मध्ये प्राध्यापक ब्रॅम्बेल यांच्या त्या समितीने म्हटलं की पाळलेल्या जनावराला निदान उभं राहता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. मागणी किती साधी होती पाहा. १९७९ मध्ये यातूनच ‘पाच मुक्तता’ मांडल्या गेल्या: भूक-तहान, गैरसोय, दुखापत-आजार आणि भीती यांपासून मुक्तता, आणि आपल्या जातीच्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक.

आपल्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणून हा विषय लावून धरला आणि १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. त्या काळी ती रक्कम टोचत असेल. आज पन्नास रुपयांत घोड्याचा एक वेळचा चाराही येत नाही. कायद्याचे दात असे बोथट म्हणूनही असेल, पण आपल्याकडे खरा धाक आहे तो बदनामीचा. एका व्हिडिओने माणसाचा धंदा बसतो. मग तो व्हिडिओ पाहणाऱ्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे पाळणाऱ्यानेही समजून घ्यावं आणि पाहणाऱ्यानेही.

घोड्यापासून सुरुवात करू. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात. तिथून पुढे पायी, छोट्या गाडीने, ई-रिक्षाने, नाहीतर घोड्यावरून. साडेचारशेच्या आसपास परवानाधारक घोडे या डोंगरावर आहेत. नाक्यावर रांगेने उभ्या घोड्यांत एखादा मागचा एक पाय ढिला सोडून, खुराचं टोक जमिनीला टेकवून डोळे मिटून असतो. मुंबईहून आलेली ताई विचारते, “दादा, हा लंगडतोय का हो?” घोडेवाला वैतागून “नाही” म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. खरं तर उत्तर सोपं आहे. घोड्याच्या पायांतल्या स्नायुबंधांची रचना अशी आहे की तो उभ्या उभ्या विसावतो, आणि मागचे पाय आळीपाळीने मोकळे सोडतो. त्यात काही वावगं नाही. पण पुढचा एक पाय पुढे टाकून त्यावर भार न घेता उभा असेल तर ताईंची शंका रास्त आहे. तो पाय दुखतो आहे. मागचा आणि पुढचा, एवढाच फरक. तसंच आडव्या पडलेल्या घोड्याचं. गाढ झोपेसाठी घोड्याला दिवसातून थोडा वेळ तरी अंग टाकून पडावंच लागतं. पण पडतो, उठतो, पोटाकडे वळून पाहतो, पुन्हा लोळतो, घाम येतो, असं दिसलं तर ती पोटशूळाची लक्षणं आहेत आणि तासाभरात डॉक्टर हवा. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटातलं बिघडलेलं बाहेर टाकायची वाटच नसते.

बरगड्या हा दुसरा गाजणारा मुद्दा. फोटोत बरगडी दिसली की घोडा उपाशी, असा निवाडा लगेच होतो. १९८३ मध्ये टेक्सासमध्ये हेनेके यांनी घोड्याच्या अंगमासाची एक ते नऊ अशी मोजपट्टी केली. ती आज जगभर चालते. मान, मानेच्या मुळाशी जिथे खोगीर टेकतं तो उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ, अशा सहा जागा हाताने दाबून पाहायच्या. पाच म्हणजे मध्यम: बरगडी डोळ्याला दिसत नाही, बोटांना सहज लागते. चारला तिची पुसट रेघ दिसते, आणि कामाच्या घोड्याला ते चालून जातं. तीन आणि त्याखाली गेला, कण्याचे मणके आणि शेपटीच्या मुळाची हाडं वर आली, की मात्र मालकाने सबबी सांगू नयेत. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला कुणी बघत नाही. बाजारात तुकतुकीत, गरगरीत घोड्याचं कौतुक होतं. त्याला दूध-तूप चारल्याच्या गोष्टी अभिमानाने सांगितल्या जातात. सात-आठ गुणांच्या अशा घोड्याला, त्यातही चंदी जास्त झाली तर, खुराच्या आत सूज येते. खूर आणि हाड यांना बांधणारा थर सुटू लागतो आणि घोडा निखाऱ्यावर चालल्यासारखा पाय उचलतो. तो फोटोत मात्र सुरेख दिसतो.

म्हणून मी खूर उचलायला सांगतो. खुराची भिंत महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढते, म्हणजे वरच्या केसाळ कडेला आज तयार झालेला भाग जमिनीला टेकेपर्यंत वर्षभर जातं. खूर ही घोड्याची वर्षाची रोजनिशी असते. आजारपण, उपासमार, चंदीचा अतिरेक, सगळ्याच्या आडव्या कड्या तिच्यावर उमटतात. टाचेकडे त्या फाकत गेल्या असतील तर मघाशी सांगितलेली सूज येऊन गेली आहे. तळव्याच्या मधला त्रिकोणी मऊ भाग काळा पडून घाण वास येत असेल तर तबेल्यात ओल आहे, लीद वेळेवर उचलली जात नाही. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी यायला हवा. नालेचे खिळे सैल, खूर नालेबाहेर वाढलेला, म्हणजे तारीख उलटली. आणि खोगिराखाली पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले, जिथे बाकी अंग तपकिरी आहे, तर तिथे कधीतरी खोगिराने सालटं काढलेलं आहे. जखम भरली की तिथला केस बहुधा पांढरा उगवतो. हे काही मालक लपवू शकत नाही.

ओझ्याचा हिशेब तर पाहणाऱ्याच्याच अंगावर येतो. शिंप्याची टेप घ्या. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा, आणि ११,८८० ने भागा. उत्तर किलोमध्ये घोड्याचं वजन. घेर १५५ आणि लांबी १३५ असलेलं तट्टू २७३ किलोचं भरतं. बहुतेक अश्वतज्ज्ञ अंगवजनाचा पाचवा हिस्सा एवढा भार ठीक मानतात, खोगीर धरून. म्हणजे पंचावन्न किलो. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी तट्टाला ७० किलोची मर्यादा घातली आहे. आता घोडा किती हडकुळा आहे याबद्दल हळहळत त्याच्यावर चढणाऱ्या पंच्याऐंशी किलोच्या गृहस्थांनी काय करायचं, ते त्यांनीच ठरवावं. याच नियमांत दिवसाला एकूण नऊ तासांहून जास्त आणि सलग पाच तासांहून जास्त काम नको, पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही, टोकदार लगाम वापरायचा नाही, असंही आहे. नियम साठ वर्षं जुना असूनही चांगला आहे. तो मालकांना माहीत नसतो तसा तक्रार करणाऱ्यांनाही नसतो.

पाण्याचं एवढ्यासाठी सांगतो की ते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. मध्यम घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर तरी पाणी लागतं, उन्हात आणि कामावर त्याहून बरंच जास्त. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांत सपाट झाली नाही तर पाणी कमी पडलंय. चाऱ्याची गोष्टही वेळेची आहे. मोकळा घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास चरत असतो, त्याचं जठर लहान असतं आणि त्यात आम्ल सतत पाझरत राहतं. सकाळ-संध्याकाळ तोबरा बांधला आणि मधले दहा तास तोंड रिकामं ठेवलं तर जठराला व्रण पडतात. अंगवजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा, तोही थोडा थोडा, हा नियम पाळला तर चंदीवरचा खर्चही कमी होतो.

मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांची कहाणी इथे सांगायला हवी. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने केवळ मौजेसाठी चालणाऱ्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात त्या बंद करायला सांगितलं. लोकांच्या डोळ्यांसमोर मरीन ड्राइव्हची चंदेरी मढवलेली गाडी होती. न्यायालयासमोर मुद्दा तबेल्यांचाही होता. परवाना नसलेल्या, कोंदट, लिदीने भरलेल्या जागांत जनावरं राहत होती. गाडीच्या झगमगाटामागे ते कधी दिसलंच नव्हतं. २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या. निकाल मला योग्यच वाटतो. मात्र हुकुमाने घोड्याचं काम थांबतं, त्याचं खाणं थांबत नाही, आणि नीट सांभाळला तर तो पंचवीस-तीस वर्षं जगतो. २०२० च्या टाळेबंदीत माथेरानला पर्यटक येईनासे झाले तेव्हा हेच समोर आलं. मिळकत शून्य आणि दावणीला घोडा तसाच. दानशूरांनी चाऱ्याच्या गाड्या पाठवल्या म्हणून निभावलं.

डोरोथी ब्रुक नावाच्या इंग्रज बाईंना हे फार आधी उमगलं होतं. १९३० मध्ये त्या कैरोला गेल्या तेव्हा पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश लष्कराचे विकलेले घोडे तिथे गाड्यांना जुंपलेले, म्हातारे, हडकुळे दिसले. त्यांनी इंग्लंडच्या वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, पैसे जमवले, घोडे विकत घेतले. बहुतेकांना शांतपणे मरण देण्यापलीकडे काही करता येण्यासारखं नव्हतं. मग १९३४ मध्ये त्यांनी दवाखाना काढला, घोडेवाल्यांसाठी फुकट. मालक दरिद्री असताना फक्त जनावराची दया करून भागत नाही, हे ओळखून बाहेरून आलेल्या माणसाने केलेलं हे काम. ब्रुक ही संस्था आज भारतातही वीटभट्ट्यांवरच्या घोड्या-खेचरांसाठी काम करते, आणि मालकांच्या सोबतीनेच करते.

आता कोंबडी. ती रस्त्यावर दिसते एकदाच: मोटारसायकलला दोन्ही बाजूंना पाय बांधून उलटी टांगलेली. ते पाहून ज्याला कसंतरी होतं त्याचं बरोबर आहे. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. उलटं टांगलं की आतड्यांचा भार थेट फुफ्फुसांवर आणि हवेच्या पिशव्यांवर येतो. पण या अर्ध्या तासाआधीचे चाळीस दिवस कुठे गेले, हे विचारणारा भेटत नाही.

ब्रॉयलरचं पिलू एका दिवसाचं येतं तेव्हा चाळीस ग्रॅमचं असतं आणि पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जातं. पहिल्या आठवड्यात त्याला तेहेतीस-पस्तीस अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. तापमापक असतोच, पण जाणता पोल्ट्रीवाला रात्री बल्बखाली पिलांची मांडणी पाहतो. सगळी बल्बखाली एकावर एक चढून कलकलाट करत असतील तर थंडी वाजतेय. कडेला, भोवतीच्या चिक गार्डच्या कुंपणाला चिकटून, चोची उघड्या टाकून बसली असतील तर उकडतंय. एकाच बाजूला गोळा झाली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा शिरतोय, पडद्याला फट आहे. मोकळी पांगलेली, काही खाणारी, काही पसरून झोपलेली, एक बारीक किलबिल चालू, म्हणजे ठीक. मग दोन-चार पिलं उचलून गळ्याखालची अन्नपिशवी बोटाने चाचपायची. मऊ भरलेली असली तर खाल्लंय आणि प्यायलंय; टणक लागली तर खाल्लंय पण पाणी मिळालेलं नाही. करारावर पिलं देणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर दिवसा येतो, ही पाहणी रात्रीची आहे.

शेडमध्ये बाहेरचा माणूस एका बाबतीत मालकापेक्षा सरस असतो, ते म्हणजे नाक. विष्ठेतून निघणारा अमोनिया दहा लाखांत पंचवीस भागांवर जाऊ नये असा दंडक आहे. रोज आत राबणाऱ्याचं नाक त्याला सरावतं. त्याला खरोखरच वास येत नाही. पाहुण्याच्या डोळ्यांना दारातच पाणी आलं तर त्याला हसू नये, गुडघ्यावर बसून कोंबडीच्या उंचीवर वास घ्यावा. जमिनीलगत हवा अधिक वाईट असते. भाताच्या तुसाचा किंवा भुश्याचा थर मुठीत दाबून सोडायचा: भुगा होऊन सुटला तर योग्य, लाडू वळला तर ओला, धूळच उडाली तर फार कोरडा. ओल्या थराचा पुरावा कोंबडीच्या पंजाच्या तळव्यावर राहतो, काळा खरबरीत डाग. चिकनच्या दुकानातल्या पिंजऱ्यात पुढच्या वेळी तेवढं पाहून घ्या. ती कुठल्या शेडमध्ये वाढली हे दुकानदाराला विचारावं लागणार नाही.

उन्हाळा हा विदर्भ-मराठवाड्यातल्या पोल्ट्रीचा कर्दनकाळ. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकते. विक्रीला आलेला, अंगाने भरलेला पक्षी सर्वांत आधी जातो, कारण त्याच्या शरीरातली भट्टी सर्वांत जोरात चाललेली असते. म्हणून दुपारचं खाद्य उचलून घ्यायचं, खाणं पहाटे आणि रात्री. छपराला चुना, बाजूला ओली गोणपाटं, फॉगर. नागपूरच्या कोरड्या हवेत फॉगरने शेडचं तापमान चांगलं उतरतं. तोच फॉगर कोकणात मे महिन्याच्या दमट हवेत लावला तर पाणी उडतच नाही, उलट आर्द्रता वाढून कोंबडीचं धापा टाकणंही निरुपयोगी होतं. तिथे पंखे आणि मोकळा वारा हाच इलाज.

परसातल्या गावरान कोंबडीबद्दल शहरी मन हळवं असतं. उकिरड्यावर हिंडणारी कोंबडी सुखी आणि शेडमधली दुःखी, असा सरळ हिशेब. तिला उकरायला मिळतं, मातीत लोळायला मिळतं, हे खरं. ते सुख पिंजऱ्यातल्या अंड्याच्या कोंबडीला अजिबात नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या पिंजऱ्यात एका पक्ष्याला साडेचारशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास जागा मिळत आली आहे. टंकलेखनाचा ए-फोर कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. विधी आयोगाने जुलै २०१७ च्या २६९ व्या अहवालात यावर लिहिलं आणि २०२३ च्या नियमांनी ही जागा ५५० वर नेली. युरोपीय संघाने तसले उघडेबोडके पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंदच केले. आपण वाढवून दिलेली जागा मात्र त्या कागदाइतकीही नाही. पण गावरान पिलांपैकी किती मुंगसाने नेली, किती घारीने, किती मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने, पटापट गेली, याची नोंद कोण ठेवतं? पाच-सात कोंबड्यांसाठी लशीची शंभर मात्रांची कुपी कोण फोडणार? मोकळ्या कोंबडीचं मरणही मोकळं असतं, त्याची बातमी होत नाही एवढंच. आणि जिला पाहून पाहुणा घाबरतो ती बहुधा धडधाकट असते. अंग टाकून, पंख पसरून, पाय झाडत, अर्धवट डोळे मिटून मातीत तडफडल्यासारखी करणारी कोंबडी धूळस्नान करते आहे. अंधाऱ्या कोपऱ्यात फुगून बसलेली, हात लावला तर टोचणारी, दाण्याकडे न पाहणारी, ती खुडूक आहे. पिसं झडून बोडकी दिसणारी वर्षाच्या ठरल्या वेळी पिसं बदलते आहे. मात्र फक्त पाठ आणि शेपटीचं मूळ बोडकं असेल तर बाकीच्या तिला टोचताहेत.

पोल्ट्रीचं दार बंद असतं याचा अर्थ लपवाछपवी असाच घेऊ नये. मानमोडी किंवा बर्ड फ्लूचा विषाणू चपलेच्या तळव्याला लागून आत येतो. एका ठिकाणी रोग निघाला की भोवतीचा एक किलोमीटर बाधित क्षेत्र ठरतो आणि त्यातल्या साऱ्या कोंबड्या, निरोगीसुद्धा, मारल्या जातात. दहा किलोमीटरपर्यंत निगराणी. नवापूरने अशी कत्तल २००६ मध्ये पाहिली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा पाहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये तर रोगही नव्हता. चिकनमधून कोरोना पसरतो ही अफवा व्हॉट्सॲपवर फिरली आणि कोंबडीला उत्पादनखर्चाएवढाही भाव मिळेना. पोल्ट्रीवाला कॅमेऱ्याला का बिचकतो ते यावरून कळावं. तरी दार कायमचं बंद ठेवणं त्याच्या फायद्याचं नाही. दारात औषधी पाण्याचं तसराळं, पाहुण्यासाठी शेडचेच गमबूट, लहान पिलांची शेड आधी आणि मोठ्यांची नंतर, आणि त्या दिवशी दुसऱ्या पोल्ट्रीत जाऊन आलेल्याला आत प्रवेश नाही. एवढं सांभाळलं तर पाहणी होऊ शकते.

आणि वही. रोजची मर, रोजचं खाद्य, रोजचं पाणी, लशीची तारीख, कुपीचा क्रमांक. पाणी हा यातला सर्वांत चलाख आकडा. पक्षी आजारी पडायच्या आधी एक-दोन दिवस पाणी कमी पितात. घोड्यासाठी नालबंदाच्या तारखा, जंताचं औषध, धनुर्वाताची लस, दात घासल्याची नोंद, महिन्याला एकदा टेपने काढलेलं वजन आणि त्याच जागेवरून काढलेला एक फोटो. ‘दोन महिन्यांपूर्वी हा घोडा असा होता’ हे दाखवता येणाऱ्या मालकाला व्हिडिओची भीती निम्मी. विकत घेतलेला हडकुळा घोडा जो सुधारतोय, आणि आपल्या हाताखाली हडकुळा होत गेलेला, हे दोन्ही एका दिवसाच्या फोटोत सारखेच दिसतात.

करारावर कोंबड्या वाढवणाऱ्याची कोंडी निराळी. पिलं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज आणि मेहनत याची, मोबदला किलोमागे ठरलेला. एका शेडमध्ये किती पक्षी टाकायचे हे बऱ्याचदा तो ठरवत नाही, पण दाटी झाली म्हणून तक्रार येते ती त्याच्या नावाने. तक्रार करणाऱ्यांनी पत्ता शोधताना एक पायरी वर चढायला हरकत नाही.

शेजाऱ्यांच्या तक्रारी मात्र जवळजवळ नेहमी माश्यांच्या असतात, तबेला असो वा पोल्ट्री. पक्षी ठरावीक संख्येहून जास्त असतील तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, वस्तीपासून अंतर लागतं, हे खरं. पण अर्ज सरपंचाकडे येतो तो ताटावर माशी बसली म्हणून. उन्हाळ्यात माशीच्या अंड्याची माशी व्हायला सात ते दहा दिवस लागतात. तेवढ्यात लीद किंवा विष्ठेचा ढीग दोनदा हलला, पसरून वाळला, किंवा ताडपत्रीखाली बंद होऊन तापला, तर अळी मरते. ओल हवीच असते तिला. तेव्हा औषध फवारायच्या आधी शेडभर फिरून पाण्याचा कुठला निपल गळतोय, कुठल्या कोपऱ्यात हौदाचं पाणी सांडतंय ते शोधावं, वॉशर बदलावा, त्या जागचा ओला थर उचलून कोरडं तूस टाकावं. अर्ज देणाऱ्या शेजाऱ्याला दहा दिवसांनी बोलावून दाखवावं. आला तर गमबूट द्यावेत.